ऋतुनिवृत्तीनंतरचा सामू : एक न मांडलेला हिशेब

रसायनी हे नाव फार जुने नव्हे. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी मोहोपाडा आणि आसपासची खेडी पूर्वापार नांदत होती. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना या भातशेतीच्या प्रदेशात उभा राहिला आणि रसायनांच्या त्या कारखान्यावरून परिसराला रसायनी म्हणू लागले. पुढे डीडीटी तयार करणारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स आली, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत वाढली. अ‍ॅनिलीन, नायट्रोबेंझिन, नायट्रिक आम्ल ही नावे येथील घरांत भाजीपाल्याच्या नावांइतकी सहज उच्चारली जात. २०१७ साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिकचा येथील बहुतेक कारभार बंद करण्याचा निर्णय घेतला. परंतु कारखान्यांवर हयात घालवलेली कुटुंबे मोहोपाड्यात आणि पनवेलच्या बाजूला अजून राहत आहेत.

या कुटुंबांतील पुरुषांना एका आकड्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला सामू म्हणतात, कारखान्यात पीएच. सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वी त्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत आणावा लागतो, हा पर्यावरण संरक्षण नियमांचा दंडक आहे. आम्ल अधिक झाले तर चुना घालायचा, अल्क अधिक झाले तर आम्ल सोडायचे, नोंदवहीत आकडा लिहायचा. पाळीपाळीने, दिवसरात्र, ही नोंद होत असे. त्याच घरांतील स्त्रीच्या शरीरातही असाच एक सामू असतो, तो वयाच्या पंचेचाळिशी-पन्नाशीत बदलतो आणि त्या बदलातून तिच्या अनेक तक्रारी उद्भवतात. त्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

अशी एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. वय चौपन्न-पंचावन्न. पती कारखान्यातून निवृत्त, मुलगा-सून नोकरीनिमित्त पुण्याला. पाळी जाऊन चार-पाच वर्षे झाली. सकाळी देरासर, दुपारी सामायिक, सूर्यास्तापूर्वी चौविहार. वर्षभरात तिला तीनदा उन्हाळी लागली. पहिल्या वेळी धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा झाला. दुसऱ्या वेळी पतीने औषधांच्या दुकानातून गोळ्या आणल्या. काय होते आहे हे दुकानदाराला त्यांनीही संकोचाने, अर्धवटच सांगितले. तिसऱ्या वेळी तिने कोणाला सांगितलेच नाही. लघवीला जळजळ होते म्हणून पाणी पिणेच कमी केले. खाज येते म्हणून स्नानाच्या वेळी साबणाने अधिक घासून धुऊ लागली, आणि त्रास अधिक वाढला. रसायनीपासून कर्जतपर्यंतच काय, कोणत्याही गावच्या महिला मंडळात विश्वासाने विचारले तर अशी कहाणी सांगणाऱ्या भगिनी एकापेक्षा अधिक निघतील.

दह्याइतकी आम्लता

सामूची कल्पना डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडली. ० ते १४ अशी ही मोजपट्टी. ७ म्हणजे समतोल, त्याखाली आम्ल, वर अल्क. लिंबाचा रस सुमारे २, दही ४ ते ४.५ च्या आसपास, दूध साडेसहाच्या पुढे, अंगाचा साधा साबण ९ ते १०. या पट्टीवरील एक अंक मात्र व्याजदरातील एका टक्क्यासारखा नसतो. प्रत्येक अंकाला आम्लता दहापटीने बदलते. सामू ४ वरून ५ झाला तर आम्लता एक दशांश उरते. ७ झाला तर एक हजारांश. आकडा थोडासा सरकलेला दिसतो, आतले चित्र पार पालटलेले असते.

प्रजननक्षम वयातील निरोगी स्त्रीच्या योनिमार्गाचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे जवळजवळ दह्याइतका. हे साम्य केवळ आकड्याचे नाही. दही ज्या आम्लामुळे आंबट होते, तेच लॅक्टिक आम्ल येथेही काम करते. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ डोडरलाइन यांनी १८९२ साली या भागातील कांडीच्या आकाराच्या जिवाणूंचे वर्णन केले. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. त्यांची व्यवस्था मोठी सुबक आहे. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाचे अस्तर जाड आणि ओलसर राहते व त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. पेशी झडल्या की ही साखर जिवाणूंच्या उपयोगी पडते. ते तिचे लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आम्लात बाहेरचे उपद्रवी जंतू तग धरू शकत नाहीत. यजमान अन्न देतो, पाहुणा पहारा देतो.

ऋतुनिवृत्तीच्या काळात अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन घटत जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते. अंडाशय शस्त्रक्रियेने काढले असतील तर हाच बदल एका दिवसात घडतो. इस्ट्रोजेन कमी झाले की अस्तर पातळ होते, ग्लायकोजेन आटते, लॅक्टोबॅसिलस उपाशी राहून विरळ होतात आणि सामू ५ च्या वर, कित्येकदा ६ ते ७ पर्यंत चढतो. पहारा उठतो. गुदद्वाराजवळचे जंतू पुढे सरकतात. मूत्रमार्गाचे तोंड जवळच असते आणि त्याचे अस्तरही इस्ट्रोजेनवर पोसलेले असल्यामुळे तेही नाजूक झालेले असते. वारंवार उन्हाळी लागण्याचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

कोरडेपणा, खाज, आग, लघवीची घाई, पुन्हा पुन्हा मूत्रसंसर्ग, सहवासाच्या वेळी वेदना या साऱ्या तक्रारींना २०१४ साली तज्ज्ञांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एकत्रित नाव दिले. त्यापूर्वी योनीची झीज अशा अर्थाचा शब्द रूढ होता. त्यात मूत्रमार्गाचा उल्लेखच नव्हता, शिवाय तो शब्द स्त्रीला स्वतःविषयी उगाच हीन वाटायला लावणारा होता. ऋतुनिवृत्त स्त्रियांपैकी निम्म्यांच्या आसपास स्त्रियांना यांतील काही ना काही त्रास होतो. अंगातून वाफा येणे, घाम फुटणे हे त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हा त्रास तसा ओसरत नाही. उपचार न केल्यास तो टिकतो किंवा वाढतो. ‘वयाप्रमाणे होणारच, निघून जाईल’ हे सासूबाईंचे सांत्वन वाफांच्या बाबतीत खरे ठरते, येथे ठरत नाही.

न बोललेले दुखणे

या विषयावर महाराष्ट्राने जगाला एक मोठा धडा दिलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना प्रजनन अवयवांचा एखादा तरी विकार आढळला. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार. आणि यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोपर्यंत स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन अशीच सरकारी समजूत होती. गर्भाशय बाळंतपणाखेरीजही दुखू शकते, हे या आकड्यांनी प्रथम जगापुढे आणले.

गडचिरोली दूर आहे आणि तो काळही मागे पडला, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर, कातकरी भगिनींना दवाखाना अंतराने दूर आहे. रसायनीच्या वसाहतीतील शिकलेल्या गृहिणीला दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. तिला दूर ठेवतो तो संकोच. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने चर्चा होते. या विषयाला ‘खालचा त्रास’ यापलीकडे शब्दच नाही. जैन घरांत पाळीच्या दिवसांत देरासर, पूजा, स्वयंपाक यांपासून बाजूला राहण्याची रीत अनेक ठिकाणी पाळली जाते. त्यामुळे पाळी गेली म्हणजे अडसर संपला, आता पूजा-प्रतिक्रमणाला खंड नाही, या समाधानाने स्त्री त्या वळणाकडे पाहते. त्या समाधानात नव्या तक्रारीला जागा मिळत नाही.

पति-पत्नीच्या नात्यावरही याची छाया पडते. सहवास वेदनादायी झाला की पत्नी टाळू लागते, कारण सांगत नाही. पतीला ती उदासीनता वाटते. काही दांपत्ये या वयात श्रद्धेने ब्रह्मचर्याचे पच्चक्खाण घेतात, आणि तो त्यांचा आदरणीय निर्णय असतो. पण वेदनेला शब्द सापडला नाही म्हणून स्वीकारलेली विरक्ती आणि मनापासून घेतलेले व्रत यांत अंतर आहे, हे दोघांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय कळत नाही. शिवाय व्रत घेतले तरी कोरडेपणा आणि मूत्रसंसर्ग थांबत नाहीत. या तक्रारींचा संबंध केवळ सहवासाशी जोडणे चूक आहे. विधवा, अविवाहित, दीक्षित, सर्वच स्त्रियांना त्या होऊ शकतात.

स्वच्छतेचा अतिरेक

योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. त्याच्या आत पाणी मारणे, साबण, डेटॉल, तुरटीचे पाणी किंवा सोडा घालणे यांपैकी कशाचीही गरज नसते आणि प्रत्येकाने नुकसानच होते. उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस त्यात नाहीसे होतात. सूक्ष्म जीवांचा विचार जैन घराला नवा नाही. पाणी गाळून घेणारा हात शरीरातील हितकारक जीवांवर निष्कारण जंतुनाशक ओततो, ही विसंगती लक्षात आणून दिली तर कोणत्याही श्राविकेला पटेल. बाहेरचा भाग दिवसातून एकदा कोमट पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून कोरडा करावा. साबण लावायचाच तर सौम्य आणि केवळ बाहेर. सुती आतील वस्त्रे, घट्ट नायलॉन टाळणे, शौचानंतर पुढून मागे धुणे, खोकताना-हसताना लघवी सुटते म्हणून पॅड वापरत असल्यास तो वेळेवर बदलणे, एवढे पुरे.

बाजारात सध्या ‘सामू राखणारे’ म्हणून खास द्रवसाबण आकर्षक बाटल्यांत मिळतात. ते बाहेरच्या त्वचेसाठी असतात. आतला सामू त्यांनी बदलत नाही. साध्या साबणापेक्षा त्वचेला ते कमी कोरडे करीत असतील, याहून अधिक अपेक्षा त्या बाटलीकडून करू नये. सामू खाली आणायचा म्हणून घरचे दही किंवा लिंबू आत लावण्याचा सल्लाही हल्ली मोबाइलवर फिरतो. लिंबाचा सामू पातळ झालेल्या अस्तराला भाजून काढील. दह्यातील जिवाणू योनिमार्गातील जिवाणूंच्या जातीचे नसतात, तेथे ते वस्ती करीत नाहीत, आणि सोबत इतर जंतू जातात ते वेगळेच. दही पोटात खावे. सोळा प्रहरांची मर्यादा आणि द्विदळाचा नियम पाळून खाल्लेले ताजे दही पचनाला उत्तम. त्याने हा सामू सुधारतो असे मात्र ठामपणे सांगता येत नाही.

आणखी एक चूक सर्रास घडते. खाज म्हणजे बुरशी, असे धरून दुकानातून बुरशीनाशक मलम आणले जाते. वास्तविक इस्ट्रोजेन कमी असलेल्या ऋतुनिवृत्त स्त्रीला बुरशीचा संसर्ग तुलनेने कमी होतो, कारण बुरशीलाही ती साखर हवी असते. अपवाद मधुमेहाचा. साखर नियंत्रणात नसेल तर बुरशी येते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या नावांच्या गोळ्या आता मधुमेहासाठी पुष्कळांना दिल्या जातात. त्या रक्तातील जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून त्या घेणाऱ्या स्त्रियांत जननेंद्रियाच्या बुरशीचा त्रास अधिक दिसतो. मधुमेहाची गोळी बदलल्यानंतर खाज सुरू झाली असेल तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती हृदयासाठी व मूत्रपिंडासाठीही दिलेली असू शकते.

चौविहार आणि पाणी

जैन भगिनींच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. रोज दीड लिटर अधिक पाणी पिणाऱ्या गटात वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. त्या स्त्रिया पाळी चालू असलेल्या वयाच्या होत्या. तरी पाण्याने मूत्रमार्ग धुतला जातो हे तत्त्व पुढच्या वयातही लागू आहे.

चौविहार करणाऱ्या भगिनीने पाण्याचा सारा हिशेब दिवसाउजेडी जमवावा. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पारली जाते. तेथपासून सूर्यास्तापर्यंत थंडीतही दहा तास मिळतात. तासाला एक पेला या बेताने प्यायले तर पुरेसे पाणी सहज पोटात जाते. प्रत्यक्षात होते असे की दिवसभर कामात पाणी राहते आणि सूर्यास्तापूर्वी दोन-तीन पेले घाईने रिचवले जातात. मग रात्री तीनदा उठावे लागते, झोप मोडते, आणि पुढच्या दिवशी ‘रात्री उठायला नको’ म्हणून पाणी आणखी कमी होते. प्रवासाचे तेच. पनवेलहून शंखेश्वर वा पालिताण्याला निघालेली मंडळी स्वच्छतागृहाच्या भीतीने सकाळपासून कोरडी बसून राहतात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. परतल्यावर उन्हाळी ठरलेली.

उपवासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्या भगिनीला वर्षात दोन-तीनदा संसर्ग होतो तिने अठ्ठाई किंवा वर्षीतप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना दोघांनाही विचारावे. तिविहार उपवासात उकाळलेले पाणी घेता येते. चौविहार उपवासाचा आग्रह प्रत्येक शरीराला झेपेलच असे नाही. पच्चक्खाणाच्या सूत्रांत असाध्य पीडेच्या प्रसंगी समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे, हे पुष्कळ तपस्विनींना ठाऊक असते. तो आपल्यासाठीही आहे असे मात्र त्यांना वाटत नाही. आयंबिलाच्या ओळीत विगयी वर्ज्य असतात, पाणी वर्ज्य नसते. त्या नऊ दिवसांत उकाळलेले पाणी भरपूर प्यावे.

औषध कशापासून बनते

उपचाराची पहिली पायरी साधी आहे. योनिमार्गासाठी मिळणारे ओलावा देणारे जेल आठवड्यातून दोन-तीनदा नियमित वापरल्याने पुष्कळ आराम पडतो. काहींत लॅक्टिक आम्ल असते, ते सामूही थोडा खाली आणते. सहवासाच्या वेळी वापरायचे वंगण निराळे, ते तेवढ्यापुरते. खोबरेल तेल बाहेरच्या खाजेवर बरे वाटते. त्रास एवढ्याने भागला नाही तर डॉक्टर अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम किंवा छोटी गोळी योनिमार्गात ठेवण्यास देतात. मूळ उणीव इस्ट्रोजेनचीच असल्याने हा उपाय मुळावर काम करतो.

त्याचा पुरावा भक्कम आहे. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इस्रायलमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ९३ ऋतुनिवृत्त स्त्रियांपैकी काहींना एस्ट्रिऑलचे मलम, काहींना दिसायला तसेच पण औषधरहित मलम दिले गेले. दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, आठ महिने. औषध मिळालेल्या स्त्रियांचा सामू सरासरी ५.५ वरून ३.८ वर आला. उपचारापूर्वी एकीच्याही तपासणीत लॅक्टोबॅसिलस सापडले नव्हते. एका महिन्यात ते औषधाच्या गटातील ३६ पैकी २२ स्त्रियांत परत आले, दुसऱ्या गटात एकीतही नाही. वर्षाला सरासरी मूत्रसंसर्ग एका गटात ०.५, दुसऱ्यात ५.९. प्रतिजैविकाच्या गोळ्यांची पाकिटे एकामागून एक संपवणाऱ्या घरांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

भीती मात्र मोठी आहे, आणि तिचे कारणही आहे. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रचंड अभ्यासातील १६,६०८ स्त्रियांचा एक भाग जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवण्यात आला, कारण संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या थोड्या अधिक आढळल्या. तेव्हापासून ‘हार्मोन’ हा शब्द ऐकताच नकार येतो. त्या अभ्यासात पोटातून घेण्याच्या, सर्व शरीरात पसरणाऱ्या दोन संप्रेरकांच्या गोळ्या होत्या. योनिमार्गातील अल्प मात्रेचे मलम फार थोडे रक्तात उतरते. दोहोंना एकाच मापाने मोजणे अयोग्य आहे. तरीही ज्या भगिनीला स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग होऊन गेला आहे, तिने कर्करोगतज्ज्ञाच्या संमतीशिवाय हे मलमही वापरू नये.

अहिंसेचा आग्रह असलेल्या घराने आणखी एक गोष्ट पाहावी. त्या अमेरिकी अभ्यासातील गोळीतले इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले होते. प्रेमारिन हे तिचे नावही गाभण घोडी व मूत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून बनलेले आहे. त्यासाठी घोड्या गाभण ठेवून महिनोन्‌महिने ठाणबंद केल्या जातात. पाकिटावर ‘कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन्स’ असे लिहिलेले असेल तर उगम विचारावा. एस्ट्रिऑल आणि एस्ट्राडायॉल ही नावे असतील तर ती प्रामुख्याने वनस्पतिजन्य द्रव्यांपासून कारखान्यात घडवलेली असतात. या विद्येचा आरंभ १९४० च्या दशकात मेक्सिकोतील एका रानटी कंदापासून झाला. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्यांना हे ऐकून हसू येईल. आता बहुधा सोयाबीन त्या कामी येते. मऊ कॅप्सूलचे आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे असते. पोटातून घेण्याच्या प्रोबायोटिक कॅप्सूललाही तोच प्रश्न. ह्यालुरॉनिक आम्ल पूर्वी कोंबड्यांच्या तुऱ्यापासून काढीत, आता बहुतांशी जिवाणूंच्या आंबवणीतून. औषधांच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधून मिळत नाही, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगावे : ‘कॅप्सूल नको, मलम द्या, प्राणिजन्य नको.’ पर्याय उपलब्ध आहे. धर्माच्या शंकेपोटी उपचारच टाळण्याचे कारण उरत नाही.

कधी थांबू नये

पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर एकदा जरी, थेंबभर जरी रक्त दिसले तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. पुष्कळदा पातळ अस्तराची जखम एवढेच कारण निघते, परंतु गर्भाशयाचा कर्करोग नाही याची खात्री तपासणीशिवाय होत नाही. दुर्गंधी येणारा किंवा रंगीत स्राव, त्वचेवर पांढरे चट्टे, न भरणारी जखम, ताप व पाठदुखीसह उन्हाळी, ही लक्षणेही घरगुती उपायांची नव्हेत. योनिमार्गाचा सामू पाहण्याची कागदी पट्टी मिळते आणि डॉक्टर तिचा उपयोग करतात, पण ऋतुनिवृत्त स्त्रीत तो ५ च्या वर असणे अपेक्षितच असते. घरी पट्टी आणून आकड्याच्या धास्तीत बसण्यात अर्थ नाही, तक्रार महत्त्वाची. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते. चौकचे ग्रामीण रुग्णालय, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय ही या परिसरातील ठिकाणे. तेथे चौकशी करता येते.

आणि एक उल्लेख राहतो, तो साध्वीजींचा. श्वेतांबर परंपरेत साध्वींची संख्या मुनींहून मोठी आहे, आणि त्यांत पन्नाशी ओलांडलेल्या अनेक आहेत. मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने पनवेल, चौक, खालापूर, खोपोली करीत बोरघाट चढणारे विहार दर वर्षी या परिसरातून जातात. स्नान नाही, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही, दिवसाला कित्येक किलोमीटर अनवाणी चाल, शौच-लघवीच्या जागेची अनिश्चितता. गृहस्थ स्त्रीला जे सांगणे अवघड, ते त्यांना दहापट अवघड. वैयावच्च करणाऱ्या श्राविका गोचरी, वस्त्र, पायांचे तेल विचारतात. मुक्कामाच्या ठिकाणी एखाद्या अनुभवी बहेनने, पुरुष बाजूला गेल्यावर, ‘साहेबजी, लघवीची काही तकलीफ आहे का?’ एवढे विचारावे. गावातील स्त्री-डॉक्टरांना उपाश्रयात येण्याची विनंती आधीच करून ठेवावी. आणि औषध मलमाच्या रूपात, प्राणिजन्य नसलेले, विहारात सोबत नेता येईल असे मागावे. पुढचा मुक्काम खोपोलीला असतो, आणि त्यानंतर घाट लागतो.